एक जास्तीचा छापा: प्रिन्स्टनच्या तळघरातली २८ वर्षं

आजच्या भागात एका अशा मशीनची गोष्ट ऐकू या, जे दिवसभर फक्त छापा-काटा करायचं. समोर एक माणूस बसायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, "छापा जास्त पडू दे, छापा जास्त पडू दे." हाताने काहीही करायचं नाही. फेरी सुरू करायची आणि इच्छा धरून बसायचं, बस्स.

हा प्रकार एखाद्या बाबाच्या मठात चालला असता, तर मी त्यावर भाग केलाच नसता. पण हा चालला अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात, इंजिनियरिंग विभागाच्या तळघरात, १९७९ ते २००७. म्हणजे तब्बल २८ वर्षं. आणि तो सुरू करणारा माणूस अवकाशयानांच्या इलेक्ट्रिक इंजिनांवरचा नावाजलेला तज्ज्ञ होता, शिवाय त्या इंजिनियरिंग विभागाचा डीन.

"प्रिन्स्टनने सिद्ध केलंय, मनाचा मशीनवर परिणाम होतो" हे वाक्य तुम्ही मॅनिफेस्टेशनवाल्या रील्समध्ये ऐकलं असेल. "तो सगळा फ्रॉड होता" हे समोरच्या पार्टीचं वाक्यही ऐकलं असेल. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्ही बाजू आकडे न बघताच बोलतात. आज आपण आकडे बघू. घाबरू नका, आठवीच्या गणितापलीकडे काही नाही.

फॅरेडे आणि फिरणारी टेबलं

गोष्ट प्रिन्स्टनच्या बरीच आधी सुरू होते. १८५३ साली इंग्लंडमध्ये एक लाट आली होती. चार-पाच लोकांनी गोल टेबलाभोवती बसायचं, हात टेबलावर ठेवायचे, आणि थोड्या वेळाने टेबल आपोआप सरकायला, फिरायला लागायचं. आपल्याकडे प्लँचेटमध्ये वाटी सरकते ना, त्याच कुळातलं. कुणी म्हणे आत्मे आहेत, कुणी म्हणे वीज आहे, कुणी म्हणे नवीनच कुठली तरी शक्ती आहे.

मायकल फॅरेडे, हो, तोच आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातला फॅरेडे, या भानगडीत पडला. त्याने वाद घातला नाही, एक उपकरण बनवलं. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून मध्ये मऊ चिकट पदार्थ लावला आणि हा गठ्ठा लोकांच्या हातांखाली ठेवला. हिशोब सोपा आहे. टेबल स्वतःहून सरकत असेल, तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल आणि हात मागून ओढले जातील. हात ढकलत असतील, तर वरचा पुठ्ठा आधी सरकेल. वरचा आधी सरकला.

पुढची पायरी तर अजून भारी आहे. त्याने एक काटा जोडला. हात जरासुद्धा कडेला ढकलायला लागले की तो हलायचा. काटा लपवून ठेवला की टेबल फिरायचं. लोकांना काटा दिसायला लागला, की टेबल थांबायचं.

आता यात खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. त्या लोकांना मनापासून वाटत होतं की आपण ढकलत नाही आहोत. हा मुद्दा डोक्यात ठेवा, आज पुन्हा लागणार आहे. माणूस प्रामाणिक असणं आणि त्याचा निष्कर्ष बरोबर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फाशांपासून रेडिओॲक्टिव्हिटीपर्यंत

आता १९३४ साली येऊ. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन नावाचे संशोधक टेलिपथीवर प्रयोग करत होते. त्यांच्याकडे एक जुगारी आला आणि म्हणाला, मी मनाने फासे हवे तसे पाडू शकतो. ऱ्हाइननी त्याला हाकलून न देता फासे मोजायला सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षं हे प्रयोग चालले आणि १९४३ पासून ते छापून यायला लागले.

फाशांचा प्रॉब्लेम तुमच्या लक्षात आला असेल. फाशावर ठिपके कोरलेले असतात. सहाच्या बाजूला सहा खड्डे, एकच्या बाजूला एक. त्यामुळे सहाची बाजू किंचित हलकी होते आणि किंचित जास्त वेळा वर येते. शिवाय हाताने टाकलेल्या फाशात हाताचं कसब येतं, आणि मोजणाऱ्याच्या चुका येतात. म्हणजे असं मशीन हवं, ज्यात हात नाही, खड्डे नाहीत आणि मोजणी आपोआप होते.

ते मशीन १९६९ च्या सुमारास हेल्मुट श्मिट या जर्मन वंशाच्या फिजिसिस्टने आणलं. तो तेव्हा सिएटलला बोईंगच्या संशोधन प्रयोगशाळेत होता. त्याच्या डब्यात स्ट्राँशियम-९० हा रेडिओॲक्टिव्ह पदार्थ होता. आत एक काउंटर सेकंदाला दहा लाख वेळा १-२-३-४, १-२-३-४ असा फिरत असायचा. पदार्थातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडला, की त्या क्षणी काउंटर थांबायचा आणि चारपैकी एक दिवा लागायचा. रेडिओॲक्टिव्ह कण नेमका कधी बाहेर पडेल, हे आजच्या फिजिक्सनुसारसुद्धा कुणी आधी सांगू शकत नाही. म्हणजे यापेक्षा अस्सल रँडम काही मिळणं कठीण.

लोकांनी पुढचा दिवा कोणता लागेल ते ओळखायचं होतं. नुसत्या अंदाजाने २५ टक्के बरोबर यायला हवे होते. त्याच्या मुख्य प्रयोगात ६३ हजारांहून जास्त प्रयत्नांत २६.१ टक्के आले. थोडंसंच जास्त, पण एवढ्या प्रयत्नांत ते नुसत्या नशिबाने येणं अवघड. पुढे त्याने प्रयोग फिरवला. दिवे गोलात लावले आणि लोकांना सांगितलं, ओळखू नका, प्रकाश तुम्हाला हव्या त्या दिशेने फिरवा. "मन ओळखतं का" वरून प्रश्न "मन ढकलतं का" वर आला.

डीनसाहेबांचा साइड प्रोजेक्ट

१९७० च्या दशकाच्या शेवटी प्रिन्स्टनमधल्या एका विद्यार्थिनीला श्मिटसारखा प्रयोग आपल्या प्रोजेक्टसाठी करायचा होता. तिला गाइड हवा होता. रॉबर्ट जान हो म्हणाले. ते १९७१ पासून इंजिनियरिंगचे डीन होते आणि इलेक्ट्रिक प्रोपल्शन या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९६८ मध्ये आलं होतं. त्या प्रोजेक्टचे निकाल बघून ते स्वतःच या विषयात ओढले गेले. १९७९ मध्ये त्यांनी 'प्रिन्स्टन इंजिनियरिंग ॲनोमलीज रिसर्च' ही लॅब काढली. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं 'पेअर', त्याच नावाने ती ओळखली जाते. लॅबचा कारभार ब्रेंडा डन या विकासात्मक मानसशास्त्रातून आलेल्या बाईंनी सांभाळला, शेवटच्या दिवसापर्यंत. पैसा खासगी देणगीदारांचा होता. त्यात विमान कंपनी उभी करणारे जेम्स मॅकडॉनल होते.

विमानवाल्यांना यात रस का? जान यांचा युक्तिवाद इंजिनियरचा होता. इलेक्ट्रॉनिक्स दिवसेंदिवस नाजूक होत चाललंय. माणसाच्या मनःस्थितीचा त्यावर इवलासा जरी परिणाम होत असेल, तर कॉकपिटमध्ये बसवायच्या आधी तो माहीत असायला हवा. १९८२ मध्ये त्यांनी या विषयावर एक लांबलचक लेख इलेक्ट्रिकल इंजिनियर्सच्या अत्यंत प्रतिष्ठित जर्नलमध्ये, 'प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई'मध्ये, छापून आणला. आपल्यापैकी ज्यांनी बीटेकला आयईईईचे पेपर चाळलेत, त्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे.

मशीन कसं चालायचं? आत एक डायोड. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जी नैसर्गिक खरखर असते, जिला आपण नॉइज म्हणतो, ती हा डायोड तयार करायचा. त्या खरखरीतून एक आणि शून्य बनवायचे. असे २०० बिट्स झाले की एक फेरी. म्हणजे २०० वेळा नाणं उडवलं, छापे मोजले, सरासरी १०० यायला हवेत.

सर्किट एका बाजूला झुकलेलं असलं तर? त्यावर त्यांनी छान उपाय केला होता. एका बिटला "एक म्हणजे छापा" धरायचं, पुढच्याला "शून्य म्हणजे छापा", असं आलटून पालटून. सर्किट कायम एकाच बाजूला झुकत असेल, तर तो झुकाव आपोआप कटतो. शिवाय प्रत्येक माणूस, ज्याला ते ऑपरेटर म्हणायचे, तिन्ही प्रकारच्या फेऱ्या करायचा: जास्त आणायचे, कमी आणायचे, आणि काहीच इच्छा न धरता नुसतं बसायचं. ऑपरेटर साधे स्वयंसेवक होते. त्यांना पैसे मिळत नव्हते आणि त्यांची नावं गुप्त होती.

लॅबमध्ये आणखीही मशीन होती. एक भिंतीएवढा मोठा डबा होता. त्यात वरून ९,००० गोळे ३३० खुंट्यांवर आपटत खाली १९ कप्प्यांत पडायचे. ऑपरेटरने ते मनाने डावीकडे किंवा उजवीकडे न्यायचे. पण मुख्य काम नाणं उडवणाऱ्या डब्याचंच.

मग आकडे काय म्हणतात?

१२ वर्षांचा हिशोब त्यांनी १९९७ मध्ये छापला. ९१ ऑपरेटर, २४,९७,२०० फेऱ्या. प्रत्येकीत २०० बिट्स, म्हणजे जवळजवळ ५० कोटी वेळा छापा-काटा.

"जास्त" फेऱ्यांची सरासरी आली १००.०२६.
"कमी" फेऱ्यांची आली ९९.९८४.
काहीच इच्छा नसलेल्या फेऱ्यांची आली १००.०१३.

जरा थांबा आणि पहिला आकडा नीट बघा. २०० मध्ये ०.०२६ छापे जास्त. म्हणजे १०,००० वेळा नाणं उडवलं तर ५,००० ऐवजी ५,००१.३ छापे. सोपं करून सांगायचं तर साधारण ७,७०० वेळा नाणं उडवलं, की एक छापा जास्तीचा मिळणार. क्रिकेट कॅप्टनकडे ही शक्ती असती, तर आख्ख्या करिअरमध्ये एक जास्तीचा टॉससुद्धा तिने जिंकून दिला नसता.

"प्रिन्स्टनने सिद्ध केलं" म्हणणाऱ्या रील्स हेच सांगत नाहीत. समजा, पेअरचा प्रत्येक शब्द खरा मानला. तरी मिळालेली शक्ती एवढीच. त्यावरून नोकरी, गाडी, पुण्यात टू-बीएचके मॅनिफेस्ट होईल असं म्हणणं म्हणजे डोळ्याच्या पापणीने वारा घालून पवनचक्की फिरवण्यासारखं आहे.

पण विज्ञानाच्या दृष्टीने परिणाम छोटा असला म्हणून तो बिनमहत्त्वाचा नसतो. एवढासा परिणामही खरा निघाला, तर फिजिक्सची पुस्तकं पुन्हा लिहावी लागतील. आणि "जास्त" विरुद्ध "कमी" हा फरक नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता साधारण १४ हजारांत एक. म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखा आकडा नव्हताच.

आता इंजिनियरसारखे प्रश्न विचारू

मी रोज ज्या प्रकारचं काम करतो, त्यात ए-बी टेस्टिंग हा प्रकार सतत येतो. अर्ध्या लोकांना हिरवं बटण, अर्ध्यांना निळं, कोणतं जास्त दाबलं जातं ते बघायचं. त्यात ०.१ टक्क्याचा फरक दिसला की पहिला प्रश्न हा असतो: हा फरक बटणामुळे आला की मोजण्याच्या पद्धतीमुळे? पेअरलाही तेच प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न. १४ हजारांत एक, हा आकडा नेमकं काय सांगतो? तो सांगतो की आकडे आदर्श नाण्याशी जुळत नाहीत. ते मनामुळे जुळत नाहीत, हे तो आकडा सांगत नाही. आणि तो तिसरा आकडा बघा, १००.०१३. काहीच इच्छा नसताना सरासरी तेवढी वर. "कमी"वाले प्रयत्न करून ०.०१६ खाली गेले आणि नुसते बसलेले ०.०१३ वर. दोन्ही सरकणी जवळजवळ सारख्याच. ५० कोटी बिट्स मोजता तेव्हा इतक्या बारीक पातळीवर काहीही दिसू शकतं.

दुसरा प्रश्न. "जास्त" की "कमी" हे कोण ठरवत होतं? काही सीरिजमध्ये हे रँडम पद्धतीने ठरायचं, पण काहींमध्ये ऑपरेटर स्वतः निवडायचा. ए-बी टेस्टमध्ये युजरने स्वतःच ठरवलं की मी कोणत्या गटात जाणार, तर ती टेस्ट तिथेच कच्ची होते. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाहीये. फॅरेडेच्या टेबलाभोवतीचे लोकही लबाड नव्हते. दार उघडं राहिलं होतं, एवढंच.

तिसरा प्रश्न. परिणाम सगळ्यांत सारखा पसरलेला होता का? टीकाकारांनी जुन्या डेटामध्ये 'ऑपरेटर १०' या एका व्यक्तीकडे बोट दाखवलं. एकूण फेऱ्यांतला छोटा हिस्सा त्या व्यक्तीचा होता, पण एकूण परिणामातला जवळपास निम्मा भाग तिथून येत होता. ज्या टेस्टचा निम्मा निकाल एका युजर आयडीवर उभा आहे, ती पुन्हा चालवायलाच हवी, हे कुठलाही डेटावाला सांगेल.

तीन लॅब, एकच मशीन

आणि इथे मला पेअरच्या लोकांबद्दल खरा आदर वाटतो. त्यांनी ती पुन्हा चालवली. १९९६ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या दोन ठिकाणांशी, फ्रायबुर्ग आणि गीसनशी, हातमिळवणी केली. उपकरणं एकाच प्रकारची, पद्धत एकच. प्रत्येक लॅबने किती फेऱ्या करायच्या हे आधीच ठरलेलं: साडेसात लाख. एकूण २२७ ऑपरेटर. आणि तीनपैकी एक लॅब खुद्द प्रिन्स्टनची, म्हणजे "जर्मन लोकांना जमलं नाही" म्हणायची सोय नाही.

निकाल २००० साली छापून आला आणि त्यावर पेअरच्या लोकांचीही नावं आहेत. तिन्ही लॅबमध्ये फरक अपेक्षित दिशेने गेला होता, पण त्याचा आकार आधीच्या प्रयोगाच्या साधारण एक दशांश. योगायोगापलीकडे म्हणता येईल असा तो नव्हता. हे त्यांनी स्वतः स्पष्ट शब्दांत लिहिलं.

पण त्याच पेपरमध्ये ते पुढे गेले. मुख्य निकाल आला नाही, तरी डेटाच्या आत काही वेगळेच विचित्र पॅटर्न दिसतात, असं त्यांनी मांडलं. प्रॉब्लेम हा की, एवढ्या प्रचंड डेटामध्ये शोधायला गेलं तर काही ना काही विचित्र सापडतंच. बाण मारून झाल्यावर तो जिथे घुसलाय त्याभोवती वर्तुळ काढलं, तर प्रत्येक नेम बरोबरच लागतो.

मी हे हवेत बोलत नाहीये, याचं गणित माहीत आहे. समजा, तुमच्याकडे अगदी खरं नाणं आहे. तुम्ही शेवटी एकदाच निकाल बघितला, तर "काहीतरी आहे" असा खोटा अलार्म वाजण्याची शक्यता ५ टक्के ठेवता येते. पण डेटा येत असताना ५ वेळा डोकावलात आणि चांगला आकडा दिसला की थांबलात, तर ती १४ टक्क्यांवर जाते. १० वेळा डोकावलात तर १९ टक्के. नाणं तेच, माणूस प्रामाणिक तोच. फक्त "कधी थांबायचं" हे आधी ठरवलं नव्हतं.

सगळे प्रयोग एकत्र केले तर?

२००६ मध्ये होल्गर ब्यॉश, फिओना स्टाइनकॅम्प आणि एमिल बॉलर या तिघांनी मोठं काम केलं. जगभरात झालेले अशा प्रकारचे ३८० प्रयोग गोळा करून एकत्र तपासले आणि 'सायकोलॉजिकल बुलेटिन' या जर्नलमध्ये छापले. एकत्रित आकड्यात एक बारीकसा परिणाम दिसत होता. पण त्याचा आकार बघितला तेव्हा गंमत कळली. छोट्या प्रयोगांमध्ये परिणाम मोठा, मोठ्या प्रयोगांमध्ये परिणाम जवळजवळ शून्य. सगळ्यात मोठे तीन प्रयोग तर चक्क इच्छेच्या उलट दिशेने गेले होते.

हे का महत्त्वाचं आहे? खरी शक्ती असेल तर जास्त मोजल्यावर चित्र स्पष्ट व्हायला हवं. रात्री आकाशात पुसटसा तारा दिसला आणि मोठी दुर्बीण लावल्यावर तो नाहीसा झाला, तर तो बहुधा काचेवरचा डाग होता. त्या तिघांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं, की न जमलेले छोटे प्रयोग छापलेच गेले नाहीत एवढं गृहीत धरलं, तरी असं चित्र तयार होऊ शकतं. न जमलेला प्रयोग ड्रॉवरमध्ये, जमलेला जर्नलमध्ये. या विषयातल्या इतर संशोधकांनी त्यांना उत्तरं दिली, वाद झाला. पण "मोठा प्रयोग, छोटा परिणाम" हे चित्र काही बदललं नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये पेअर बंद झाली. जान यांचं म्हणणं साधारण असं होतं, की इतके निकाल देऊनही ज्यांना पटलं नाही, त्यांना कधीच पटणार नाही. टीकाकार फिजिसिस्ट रॉबर्ट पार्क यांनी ही लॅब म्हणजे विद्यापीठाला आणि विज्ञानाला लाज आणणारी गोष्ट होती, असं म्हटलं. २०१७ मध्ये जान गेले.

मग २८ वर्षं वाया गेली का?

माझं उत्तर: नाही. पण ज्या कारणासाठी ती घालवली, त्या कारणाने नाही.

या क्षेत्रातल्या लोकांवर इतका संशय घेतला जायचा, की काही नियम त्यांना इतरांच्या आधी करावे लागले. परामानसशास्त्राच्या संशोधकांच्या संघटनेने १९७५ मध्येच धोरण केलं, की फक्त यशस्वी निकाल छापणं बरोबर नाही. १९७६ मध्ये युरोपातल्या एका परामानसशास्त्राच्या जर्नलने, मार्टिन जॉन्सन यांच्या संपादनाखाली, निकाल यायच्या आधी प्रयोगाचा आराखडा बघून पेपर स्वीकारायला सुरुवात केली. आज याला रजिस्टर्ड रिपोर्ट म्हणतात आणि हा अगदी आधुनिक विचार समजला जातो.

मग २०११ आलं. डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञाने ९ प्रयोगांचा पेपर काढला. त्यात म्हटलं होतं, माणसाला भविष्याची चाहूल लागते. तो छापला सामाजिक मानसशास्त्राच्या अव्वल जर्नलने. सगळ्या पद्धती नेहमीच्याच, पुस्तकातल्या. मानसशास्त्रज्ञ हादरले ते भविष्यामुळे नाही. त्यांना प्रश्न पडला की याच पद्धतींनी अशक्य गोष्ट सिद्ध होत असेल, तर याच पद्धतींनी आपण आजवर जे सिद्ध केलं, त्याचं काय? त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या तिघांनी मुद्दाम एक आचरट निष्कर्ष "सिद्ध" करून दाखवला: एक ठराविक गाणं ऐकलं की माणसाचं वय कमी होतं! मूड नाही हं, चक्क वय. सगळा डेटा खरा होता, फक्त त्यातलं काय दाखवायचं आणि कधी थांबायचं हे सोयीने निवडलं होतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित प्रयोग पुन्हा करून बघितले गेले. मूळ पेपरांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सकारात्मक होता. पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत आला.

म्हणजे मनाची शक्ती मोजायला निघालेल्या या क्षेत्राने मोजण्याची पद्धतच कुठे कुठे गळते ते दाखवून दिलं. तुमच्या औषधाची चाचणी, तुमच्या फिटनेस ॲपचा दावा, "या टेक्निकने फोकस ४० टक्के वाढतो" छापाची हेडलाइन, सगळीकडे तीच गळती असू शकते. तिथे पैसा आणि तब्येत तुमची आणि माझी असते.

जान यांच्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. हुशार होते, सच्चे होते, डीनपदाची इज्जत पणाला लावायची हिंमत होती. पण २८ वर्षांत एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली नाही: कोणता निकाल आला तर मी "नाही, हे खरं नाही" असं म्हणेन. जास्त आलं की परिणाम आहे. एक दशांश आलं की परिणाम लाजरा आहे, साध्या सिग्नलसारखा वागत नाही. काहीही आलं तरी पटतंच, अशा जागी माणूस पोचला की मग तिथून त्याला बाहेर काढणारा काटा कुणी दाखवू शकत नाही. फॅरेडेने तो काटा टेबलावरच ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा.

तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "प्रिन्स्टनने सिद्ध केलंय" म्हणालं, तर भांडू नका. तीन गोष्टी विचारा. परिणाम किती मोठा होता? दुसऱ्यांनी करून बघितला तेव्हा काय झालं? आणि काय दिसलं असतं तर तू मत बदललं असतंस? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता तुमच्याकडे आहेत. तिसऱ्याचं समोरच्याने द्यायचं.

भाग आवडला असेल तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, विशेषतः तिथे, जिथे सकाळी सहाला ब्रह्मांडाचे मेसेज येतात. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!